भिंतीलगतचा बोळ

मे महिन्याच्या अखेरीस जयपूरला जाऊ नकोस, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. तरी गेलो. आदर्श नगरात माझी मावशी राहते. लग्न करून साताऱ्याहून तिकडे गेली त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. मराठी अजून शाबूत आहे, पण धुळीला ती ‘मिट्टी’ म्हणते आणि वावटळीला ‘आंधी’. मी पोचलो त्या रात्री अशीच एक आंधी येऊन गेली. सकाळी वीज गेली, डोक्यावरचा पंखा रेंगाळत थांबला आणि मावशी वर बघून म्हणाली, “परवाच पुसलाय रे. दिवसभर गरागरा फिरतो, मग याच्यावर मिट्टी बसतेच कशी? उडून जायला नको?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरचा नेहमीचा पंखा १,२०० मिलीमीटरचा असतो आणि मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेऱ्या मारतो. हिशेब केला तर पात्याचं टोक तासाला ऐंशी किलोमीटरच्या वेगानं हवा कापतं. एवढ्या वाऱ्यात टोपी डोक्यावर राहत नाही. मग धुळीचे कण पात्यावर कसे राहतात?

ते राहतात, कारण त्यांच्यापर्यंत वारा पोचतच नाही. हवा घन पृष्ठभागाला चिकटते. पात्याला टेकलेला हवेचा अगदी खालचा पापुद्रा पात्याबरोबरच फिरतो. पात्यावर बसलेल्या कणाच्या लेखी वारा शून्य. त्याच्या वरचा पापुद्रा थोडा सरकतो, त्याच्या वरचा आणखी थोडा, आणि एक-दोन मिलीमीटर वर गेल्यावर ऐंशी किलोमीटरचा खरा वारा लागतो. धूळ या निवांत भागात वस्तीला असते. म्हणून पंखा फुंकून साफ होत नाही, फडक्यानं पुसावा लागतो.

या मिलीमीटरभर जाडीच्या भागाला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांटल या जर्मन अभियंत्यानं १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत तो पहिल्यांदा मांडला, तोही दहा मिनिटांच्या भाषणात आणि आठ पानांच्या निबंधात. त्याआधीचे गणिती हवेचा चिकटपणा नगण्य मानून सुंदर समीकरणं सोडवत आणि उत्तर असं येई, की वाहत्या हवेत धरलेल्या वस्तूला काही रोधच होत नाही. प्रांटलनं सांगितलं, की चिकटपणा नगण्य धरायला हरकत नाही, फक्त भिंतीलगतची एक पातळ पट्टी सोडून. त्या पट्टीत जे घडतं त्यावर बाकीचं सगळं अवलंबून असतं. पुढच्या शतकाचं विमानशास्त्र या एका अपवादातून निघालं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता या प्रकरणाच्या दुसऱ्या पात्राकडे वळतो. तेही जयपूरमध्येच भेटतं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला.

६ जून २०१७. पहाटे सव्वापाचची वेळ. अजमेर रस्त्यावरच्या भांकरोटाजवळ मुकुंदपुरा नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतात मोठा आवाज होऊन आकाशातून काळा दगड पडला. वाळूमिश्रित जमिनीत हातभर रुंद आणि वीतभरही नाही इतका खोल खड्डा पडला, दगडाचे तुकडे झाले. सगळे मिळून वजन दोन किलोच्या आसपास. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं तुकडे ताब्यात घेतले आणि तपासणीत तो कार्बनी कोंड्राइट जातीचा अशनी निघाला. ही जात दुर्मीळ आहे. तिच्यात सूर्यमालेच्या जन्मकाळातला माल फारसा न शिजता राहिलेला असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्यातली अमिनो आम्लंसुद्धा तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले.

मला या दगडात आवडते ती त्याची विसंगती. बाहेरून तो जळालेला: काळी, वितळून थिजलेली पातळ साल. आत पाणी धरून ठेवलेली, मातीसारखी मऊ खनिजं. ही खनिजं थोडी तापली तरी पाणी सोडतात. म्हणजे जो दगड आकाशात पेटलेला दिसतो, तो आतून थंडच राहतो. त्याच्या पुढ्यात लोखंडाला वितळवील असा जाळ आणि सालीखाली गारवा. जो भाग तापतो तो वितळून, उकळून निघून जातो आणि जाताना उष्णता बरोबर नेतो. अवकाशातून परतणाऱ्या कुपीच्या उष्णतारोधक कवचाचा मसुदा हाच आहे.

हा जाळ येतो कुठून? शाळेतलं उत्तर “हवेच्या घर्षणानं” असं आहे. ते पूर्ण चूक नाही, पण मुख्य गोष्ट त्यात राहून जाते. अंतराळातून येणारे दगड सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरतात. हवेला एखादी वस्तू येत असल्याची वर्दी मिळते ती दाबाच्या लहरींमधून, आणि त्या लहरी ध्वनीच्या वेगानं चालतात, जमिनीलगत सेकंदाला ३४० मीटर. रस्त्यावरून सावकाश येणाऱ्या बैलगाडीला लोक आधीच बाजूला होऊन वाट देतात, तशी हवा साध्या विमानाला वाट देते. दगड वर्दीपेक्षा कितीतरी पट वेगानं येतो. हवा बेसावध सापडते आणि त्याच्या पुढ्यात दाबली जाते. या दबलेल्या आणि न दबलेल्या हवेमधली सीमारेषा म्हणजे आघाततरंग. जमिनीलगतच्या हवेत त्याची जाडी केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असते. तेवढं अंतर ओलांडताना हवेचा वेग कोसळतो, दाब आणि तापमान एकदम चढतात. सायकलच्या पंपाचं तोंड दाबून धरलं आणि दट्ट्या मारला की पंप तापतो. इथे पंपही नाही आणि भिंतही नाही, हवाच हवेला दाबते.

मुकुंदपुऱ्याचा दगड मात्र जमिनीवर त्या वेगानं आला नाही. आला असता तर शेत राहिलं नसतं. जमिनीच्या दर चौरस मीटरवर दहा टन हवेचा खांब उभा आहे. दोन किलोच्या दगडाला वाटेत स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट हवा ढकलावी लागते, त्यात त्याचा मूळ वेग संपतो आणि शेवटी तो वरून टाकलेल्या साध्या दगडासारखा पडतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आलेला दगड इतका मोठा होता, की वाटेतली हवा त्याच्यापुढे किरकोळ ठरली. तो वेगासकट जमिनीत शिरला आणि बसाल्टमध्ये जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं विवर उरलं.

तर एकीकडे सीमास्तर: मंद, पातळ, भिंतीला चिकटून बसलेला. दुसरीकडे आघाततरंग: सुरीच्या पात्यासारखा आणि कुणाला वर्दी न देणारा. विमान ध्वनीच्या वेगापलीकडे गेलं की हे दोघे एकमेकांवर येतात. पंखाच्या एका भागातून निघालेला आघाततरंग दुसऱ्या भागाच्या पृष्ठभागावर आदळतो आणि तिथे सीमास्तर आधीच पसरलेला असतो.

पुस्तकी आकृतीत हे फार सोपं दिसतं. तिरपा तरंग सपाट भिंतीवर येतो आणि आरशावरच्या किरणासारखा परावर्तित होतो. तो जिथे भिंतीला टेकतो तिथे दाब एकदम वाढतो. त्याच्या आधी काहीच बदल नाही, कारण ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाहात पुढची बातमी मागे जाऊ शकत नाही. पण भिंतीला टेकलेली हवा तर थांबलेली आहे! मुख्य प्रवाह ध्वनीच्या तिप्पट वेगाचा असला, तरी सीमास्तराच्या तळाशी असा एक पट्टा असतोच जिथे हवा ध्वनीपेक्षा हळू चालते. तिथून बातमी मागे जाऊ शकते.

जयपूरच्या परकोटातल्या रुंद बाजाररस्त्यावर गर्दी एकाच दिशेनं जोरात चालली आहे असं समजा. पुढे काही अडलं, तर मागच्याला ते अडथळ्यावर आदळेपर्यंत कळणार नाही. पण दुकानांच्या पाठीमागे एक अरुंद बोळ आहे. त्यातून एक पोरगा उलटा पळत येऊन “पुढे रस्ता बंद आहे” असं ओरडू शकतो. सीमास्तराचा तळ हा तो बोळ. आघाततरंगाची बातमी त्यातून उलट्या दिशेनं पसरते आणि तरंग भिंतीवर पोचायच्या आधीच भिंतीलगतची हवा वागणूक बदलते.

कशी बदलते? पुढे दाब जास्त, म्हणजे हवेसाठी तो चढ आहे. घाटाच्या पायथ्याशी वेगात आलेली सायकल त्या जोरावर थोडा चढ चढून जाते; रमतगमत आलेली थांबते आणि मागे घसरू लागते. मुख्य प्रवाह चढ चढून जातो. तळाच्या मंद हवेत तेवढा जोर नसतो. ती थबकते, उलटी वाहू लागते आणि भिंतीपासून सुटते. सुटलेल्या प्रवाहाखाली गोल गोल फिरणाऱ्या हवेचा एक बुडबुडा अडकतो. आता वरून येणाऱ्या प्रवाहाला हा बुडबुडा म्हणजे भिंतीवर नव्यानं उगवलेला उंचवटा वाटतो, आणि स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, प्रवाहात उंचवटा आला की नवा आघाततरंग निघतो. म्हणजे तरंगानं बुडबुडा तयार केला आणि बुडबुड्यानं आणखी एक तरंग. बुडबुड्याच्या पलीकडे प्रवाह पुन्हा खाली येऊन भिंतीवर आपटतो. तिथे सीमास्तर चेपून पातळ झालेला असतो, आणि उष्णतेचा सर्वांत मोठा मारा तिथेच बसतो. मूळ तरंग जिथे टेकेल असं आपण कागदावर ठरवलं होतं, तिथे नव्हे.

या झटापटीवरचं जे संशोधन पायाभूत मानलं जातं, त्यातल्या एका निबंधावर भारतीय नाव आहे. निबंध अमेरिकेत, पुढे नासात रूपांतरित झालेल्या नॅका या संस्थेनं १९५२ मध्ये अहवाल क्रमांक ११०० म्हणून छापला. लेखक तिघे: हान्स लीपमन, अनातोल रॉश्को आणि सतीश धवन.

धवन आपल्याला माहीत असतात ते इस्रोचे अध्यक्ष म्हणून आणि श्रीहरिकोट्याच्या केंद्राला दिलेल्या नावामुळे. १९७२ ते १९८४ ही त्यांची इस्रोमधली वर्षं. त्याआधीचे धवन कमी लोकांना ठाऊक आहेत. १९२० साली श्रीनगरमध्ये जन्म, शिक्षण लाहोरात: गणित-भौतिकीची पदवी, इंग्रजी साहित्यात एम.ए. आणि त्यावर यंत्र अभियांत्रिकी. साहित्याचा माणूस प्रवाहाच्या शास्त्रात फुकट जात नाही, असं मला उगीच वाटत आलंय. हे शास्त्र समीकरणाआधी नजरेवर चालतं. जाता जाता: मावशीच्या आदर्श नगरातली कितीतरी कुटुंबं फाळणीनंतर त्याच पंजाबातून आलेली. मुलतानहून आलेल्या जैनांचं मंदिर तिथे आजही मुलतानचं नाव सांगतं. धवनांचं लाहोर तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात मी ऐकलंय.

लाहोरहून धवन अमेरिकेत मिनेसोटाला आणि तिथून कॅलटेकला गेले. १९५१ मध्ये लीपमन यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. प्रबंधाचा विषय हवा भिंतीला किती घासते याचं थेट मापन. कल्पना विलक्षण साधी. वातविवराच्या, म्हणजे विंड टनेलच्या भिंतीचा एक लहानसा तुकडा बाकीच्या भिंतीपासून कापून सुटा ठेवायचा, पातळी तंतोतंत जुळवायची, भोवती बारीक फट सोडायची आणि वारा त्या तुकड्याला किती ओढतो ते मोजायचं. तोवर हे घर्षण बहुतेक वेळा आडून हिशेबानं काढत. धवनांनी ते हाती धरून दाखवलं. करायला गेलं तर कठीण, कारण तुकडा अगदी किंचित वर-खाली झाला की सीमास्तर बिघडतो आणि मापन खोटं येतं.

तिघांच्या निबंधातली गोष्ट याच हातांची. त्यांनी एकाच ताकदीचा तरंग दोन प्रकारच्या सीमास्तरांवर सोडून पाहिला: एक शांत, थरावर थर सरकणारा आणि दुसरा खळबळलेला. शांत सीमास्तरात तरंगाची बातमी त्याच्या जाडीच्या कित्येक दहापट अंतर उलटी गेली; खळबळलेल्या सीमास्तरात ती जाडीच्या काही पटींतच विरली. कारण खळबळ वरची वेगवान हवा सतत खाली आणून तळाला ओतत असते. तळाच्या हवेला चढ चढायला बळ मिळतं आणि बोळ अरुंद होतो. विमानाच्या बाबतीत शांत ते चांगलं आणि खळबळ ती वाईट असं आपल्याला वाटतं. इथे उलटं आहे.

कॅलटेकमध्ये त्याच काळात आणखी एक प्राध्यापक होते, च्येन श्वेसेन. ‘हायपरसॉनिक’ हा शब्द १९४६ मध्ये त्यांनी रूढ केला. ध्वनीच्या पाचपट किंवा त्याहून जास्त वेग, असा त्याचा ढोबळ अर्थ. अमेरिकेनं त्यांच्यावर संशय घेतला, ते १९५५ मध्ये चीनला परतले आणि चिनी अग्निबाणांचे जनक झाले. धवन त्याआधीच, १९५१ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले होते. तिथे त्यांनी देशातलं पहिलं स्वनातीत वातविवर उभं केलं.

पाचपटीपुढे वेगळा शब्द कशाला लागतो? तीस किलोमीटर उंचीवर हवा उणे पंचेचाळीस अंशांच्या आसपास थंड असते. ध्वनीच्या सहापट वेगानं जाणाऱ्या यानासमोर ती थांबवली, तर हिशेबानं दीड हजार अंश सेल्सियसच्या वर जाते. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. नाकाच्या टोकाशी ही उष्णता दाबानं येते, अंगावर ती सीमास्तरातल्या घासण्यानं येते, म्हणजे शाळेतलं घर्षण इथे परत भेटतं. तापलेली हवा फुगते, त्यामुळे सीमास्तर जाड होतो. शांत सीमास्तराची जाडी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असा ढोबळ नियम आहे. पंख्यावर मिलीमीटरभर असलेला निवांत थर आता एवढा फुगतो, की यानाचा आकारच जणू बदलतो आणि नाकातून निघालेला तरंग बाहेर ढकलला जातो. पंखा आणि अशनी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हायपरसॉनिक वेगात त्या वेगळ्या काढताच येत नाहीत.

३ ऑक्टोबर १९६७ या दिवशी हे सगळं एका धातूच्या पत्र्यावर लिहिलं गेलं. अमेरिकेचं एक्स-१५ हे अग्निबाणावर चालणारं प्रायोगिक विमान बी-५२ च्या पंखाखालून सोडण्यात आलं. वैमानिक विल्यम ‘पीट’ नाइट. विमानाची कातडी इन्कोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूची होती, आणि त्या दिवसासाठी तिच्यावर जळून जाणारा खास गुलाबी लेप चढवून वर पांढरा थर दिला होता. मुकुंदपुऱ्याच्या दगडाची युक्ती माणसानं विमानावर करून पाहिली, असं म्हणा. पोटाखालच्या शेपटीच्या पंखाला वेगाच्या जोरावरच हवा दाबून घेणाऱ्या रॅमजेट इंजिनाचा एक नमुना टांगला होता. इंजिन चालतं नव्हतं. इतक्या वेगात त्याचा आकार काय करतो एवढंच पाहायचं होतं.

नाइटनं ध्वनीच्या ६.७ पट, तासाला ७,२७४ किलोमीटर वेग गाठला. वैमानिकानं चालवलेल्या विमानांच्या बाबतीत तो विक्रम अजून मोडलेला नाही. तो उतरला तेव्हा जमिनीवरची माणसं नेहमीसारखी त्याच्याकडे धावत आली नाहीत. ती शेपटीपाशी गोळा झाली होती. पोटाखालच्या पंखाला भोकं पडली होती, इन्कोनेल वितळून गेलं होतं आणि टांगलेला नमुना जळून तुटून वाटेतच पडला होता. काही आठवड्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, हाच नमुना घेऊन विमान ध्वनीच्या पाचपटीच्या किंचित खाली उडालं होतं, तेव्हा फारसं बिघडलं नव्हतं.

दोष लेपाचा आहे असं पहिल्यांदा वाटणं साहजिक होतं. पण भोकं विमानाच्या नाकावर नव्हती, पंखांच्या कडेवर नव्हती. ती नेमकी त्या जागी होती जिथे रॅमजेटच्या नमुन्यातून निघालेले तरंग पंखाच्या स्वतःच्या तरंगाला छेदत होते. दोन तरंग एकमेकांना छेदतात तेव्हा काही मांडण्यांमध्ये मधून वेगवान हवेची बारीक धार सुटते आणि ती पृष्ठभागावर वेल्डिंगच्या ज्योतीसारखी एकाच बिंदूवर लागते. स्वीडनमध्ये बॅरी एडनी यांनी दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, या छेदांचे सहा प्रकार वेगळे केले. त्यातल्या चौथ्या प्रकारात उष्णतेचा मारा नेहमीच्या दहापटीपलीकडेही जाऊ शकतो. काटेकोर बोलायचं तर ही तरंग आणि सीमास्तराच्या झटापटीची सख्खी नव्हे, चुलत बहीण. पण वर्मी घाव एकसारखाच: संकट सर्वांत वेगवान जागी येत नाही, दोन गोष्टी जिथे भेटतात तिथे येतं.

कोलंबिया अवकाशयानाच्या डाव्या पंखाचं भोक १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या प्रवासात घातक ठरलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. भोक पाडलं ते उड्डाणाच्या वेळी टाकीवरून सुटलेल्या फोमच्या तुकड्यानं. पण ते पडलं पंखाच्या कडेच्या आठव्या फलकाच्या परिसरात, आणि नाकाचा तरंग पंखाच्या तरंगाला तिथेच आसपास भेटतो. कडेवरचा सर्वांत तापणारा भाग तो.

इंजिनात हीच झटापट बंद खोलीत होते. स्क्रॅमजेट इंजिन हवा ध्वनीपेक्षा वेगवान ठेवूनच तिच्यात इंधन जाळतं. हवा आत असते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात इंधन मिसळायचं आणि पेटायचं. तोंडातून शिरलेली हवा तरंगांच्या एका रांगेतून दाबली जाते, आणि भोवती चारी बाजूंनी भिंती, म्हणजे चारी बाजूंनी सीमास्तर, म्हणजे चारी बाजूंनी बोळ. आत ज्वलन जोरात झालं की दाब वाढतो, बातमी या बोळांमधून मागे जाते आणि तरंगांची रांग पुढच्या तोंडाकडे सरकू लागते. ती तोंडाबाहेर पडली की इंजिन घेतलेली हवा ओकून टाकतं आणि क्षणात विझतं. ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून डीआरडीओनं एचएसटीडीव्ही हे प्रायोगिक यान उडवलं. तीस किलोमीटर उंचीवर, सेकंदाला दोन किलोमीटर वेगात, त्याचं स्क्रॅमजेट वीस सेकंदांहून जास्त काळ चाललं. बातम्यांमध्ये वीस सेकंद ऐकून माझ्या एका मित्रानं नाक मुरडलं होतं. तरंगांची ती रांग वीस सेकंद जागेवर धरून ठेवणं काय असतं, हे त्याला मी दोन कप चहाच्या अवधीत सांगू शकलो नाही. २५ एप्रिल २०२५ रोजी हैदराबादेत जमिनीवरच्या चाचणीत स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष एक हजार सेकंदांहून अधिक चालला.

हे तपासायचं कुठे? तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात २०१७ साली एक मीटरचं हायपरसॉनिक वातविवर आणि एक मीटरचं शॉक टनेल सुरू झालं. त्या संकुलाला धवनांचं नाव आहे, आणि मला वाटतं, श्रीहरिकोट्यापेक्षाही ते तिथे जास्त शोभतं. मुंबईत पवईच्या आयआयटीतही शॉक टनेल आहे. लांब नळीच्या एका टोकाला दाबून भरलेला वायू, मध्ये धातूचा पडदा. पडदा फाटतो, आघाततरंग नळीतून धावतो, तापलेला वायू नॉझलमधून सुटून नमुन्यावरून वाहतो. सगळा प्रयोग एक-दोन मिलीसेकंदांचा. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तयारी मात्र दिवसभराची.

उरलेलं काम संगणकावर होतं, आणि तिथे गाडी नेहमी एका जागी अडते: बुडबुडा किती मोठा होईल ते नीट सांगता येत नाही. पवईतलेच प्राध्यापक कृष्णेंदू सिन्हा यांनी याचं एक कारण पकडलं. रूढ गणितात तरंग जागच्या जागी स्थिर उभा आहे असं धरतात. खरा तरंग थरथरतो. खळबळलेल्या हवेचे गुठळे त्याच्यावर आपटतात आणि तो मागेपुढे डोलतो. त्या डोलण्यात खळबळीची काही ताकद खर्च होते, ती हिशेबात घेतली नाही तर खळबळ नको तेवढी फुगलेली येते आणि बुडबुडा खऱ्यापेक्षा लहान निघतो. २००३ मध्ये कृष्णन महेश आणि ग्रॅहॅम कँडलर यांच्यासोबत त्यांनी ही दुरुस्ती मांडली, तेव्हा ते मिनेसोटात होते. धवन कॅलटेकच्या आधी शिकले त्याच विद्यापीठात.

थरथरीचा एक भाग आणखी चमत्कारिक आहे. सीमास्तरातली खळबळ फार जलद असते, पण बुडबुड्याच्या तोंडाशी असलेला तरंग तिच्या दहाव्या किंवा शंभराव्या भागाइतक्या सावकाश लयीत मागेपुढे होतो. ही लय ठरवतं कोण? एक पक्ष म्हणतो, मागून येणाऱ्या सीमास्तरातल्या लांबलचक लाटा. दुसरा म्हणतो, बुडबुडा स्वतःच, आपल्या श्वासासारख्या फुगण्या-आकसण्यानं. अलीकडे बरेच जण म्हणतात, छोट्या बुडबुड्यात पहिलं आणि मोठ्यात दुसरं. ही लय यानाच्या पत्र्याला थकवा आणते, कारण सावकाश बसणारे धक्के पत्रा कंपनानं तोडू शकतात. २००१ मध्ये डेव्हिड डॉलिंग यांनी या विषयाच्या पन्नास वर्षांचा आढावा घेतला आणि शीर्षकातच विचारलं, आता पुढे काय? २०१५ मध्ये तसाच विस्तृत आढावा दत्ता गायतोंडे यांनी लिहिला. आडनाव आपल्या ओळखीचं आहे. ते आता ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक आहेत. त्याआधी बरीच वर्षं डेटनजवळच्या राइट-पॅटरसन हवाई तळावरच्या प्रयोगशाळेत त्यांनी हेच प्रवाह संगणकावर सोडवले.

पीट नाइटचं एक्स-१५ त्याच तळावरच्या संग्रहालयात उभं आहे. १९६७ च्या त्या दिवसानंतर ते पुन्हा उडालं नाही.